कैतानसाठी बर्ली

माघ सरत आला होता. वेंगुर्ल्याच्या बंदरावर सांज उतरत होती, केशरी, मंदगामी, स्वतःच्याच सुवर्णभाराने किंचित वाकलेली. टेकड्यांवरून काजूच्या मोहराचा आंबूस-मधुर परिमळ ओघळत येत होता आणि खाऱ्या वाऱ्याच्या कुशीत शिरत होता. पाण्यावर तांबूस रेघा. रेघांवर होड्यांच्या लांबट, निळसर सावल्या.

बंदराच्या दगडी कठड्यावर परशुराम तुळसकर बसला होता. वय एकोणसत्तर. फळबागेच्या सरकारी केंद्रात त्याने चौतीस वर्षं कलमं बांधली होती. आंब्याच्या कोवळ्या रोपाला जुन्या जातिवंत झाडाची काडी जोडायची, हलक्या हाताने गुंडाळायची, आणि मग थांबायचं. थांबणं त्याला येत होतं. त्याच्या बोटांना तर ते डोळ्यांपेक्षा अधिक येत होतं.

त्याच्या उजव्या बाजूची जागा रिकामी होती. ती जागा कैतान डिसोझाची होती.

कैतान बोटीवरचा माणूस. मालवाहू जहाजांवर खानसामा म्हणून अर्धं आयुष्य सात समुद्र हिंडला आणि उरलेलं अर्धं घालवायला वेंगुर्ल्यात परतला. परतताना त्याने एका डच बंदरातून पाइप आणले होते, दोन, जुळ्या भावांसारखे. आणि तंबाखूचा एक निळा डबा, ज्याच्या झाकणावर पांढरा राजहंस होता. परतल्याच्या सांजेपासून बावीस वर्षं दोघे या कठड्यावर बसत आले. एक पाइप याच्या ओठांत, एक त्याच्या. बोलणं थोडं. धूर निळा, संथ, मधाच्या कडेला बडीशेप ठेवावी तशा वासाचा. डबा संपला की कैतानचा कुणी जुना सोबती दुसरा पाठवायचा. राजहंस संपत नाही, असंच दोघांना वाटत होतं.

मग तो संपला. तो तंबाखू बनवणंच बंद झालं. कुणाकुणाच्या कपाटात उरलेले डबे आता चैनीच्या वस्तूंसारखे विकले जात होते, आणि कलमं बांधणाऱ्याच्या पेन्शनीला ती चैन शोभणारी नव्हती. शेवटची चिमूट त्यांनी गेल्या श्रावणात वाटून ओढली. तुळसकरने पाइप पुसून कपाटात ठेवला.

भाद्रपदात कैतानला अर्धांगाचा झटका आला.

उजवा हात गेला. शब्द गेले. चार भाषांत शिव्या देणारा, तीन भाषांत प्रार्थना करणारा तो बोलका, विशाल, ताम्रवर्णी माणूस ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसून राहू लागला. डोळे उघडे, नजर भिंतीवर. पत्नी रोझालिन भरवी, पुसे, कुशीवर वळवी. तो तिच्याकडे पाही आणि पाहत नसे. तुळसकर रोज जाई. रोज शेजारी बसे. रोज उठून येई.

आज मात्र, तो निघताना, रोझालिन पायरीपर्यंत आली होती.

"परशुभाव," ती म्हणाली, "तुमी इलात काय तेंचा नाक हलता. कायतरी शोधतत ते."

"काय शोधता तो?"

"तुमच्या सदऱ्याक आदी वास येय तो." तिने ओसरीकडे वळून पाहिलं. "इस्टर झालो काय चेडू आमका न्हेवक येतला. वसयेक. मगे कायमचेच थंय."

तुळसकर आता कठड्यावर बसून तेच आठवत होता. इस्टरनंतर लेक त्यांना कायमची वसईला नेणार होती. इस्टरला साडेपाच आठवडे होते. साडेपाच आठवड्यांत एक माणूस दुसऱ्याला ओळखेल किंवा न ओळखताच उत्तरेला निघून जाईल. समोर सूर्य पाण्याला टेकला, पसरला, विरघळला. तुळसकर उठला.

*

बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात पाइपचा तंबाखू मिळे. त्याने फोन लावला, राजहंसाचं वर्णन केलं, मध सांगितला, बडीशेप सांगितली.

"तो माल आता स्वप्नात बघा, सर," दुकानदार म्हणाला. "पण बर्ली देतो. स्वस्तातली. तीन-चार तऱ्हा आहेत, थोडी थोडी बांधून पाठवतो. एखादी बसली तर बसली."

"बर्ली म्हणजे?"

"सावलीत वाळवलेलं पान, सर. भट्टी नाही, ऊन नाही. नुसता वारा."

नुसता वारा. कलमं बांधणाऱ्याला ते दोन शब्द आवडले.

सावंतवाडीच्या एसटीने पुडकं आलं. पहिली पुडी त्याने अंगणात उघडली आणि अंगणभर चेरीच्या सरबताचा गुलाबी, उग्र, बाजारू घमघमाट सुटला. कपाटातला पाइप त्याने कित्येक महिन्यांनी बाहेर काढला, भरला, पेटवला. धूर गोड होता, अती गोड, कुणी हसू चिकटवून आल्यासारखा. तरी तो तेवढा ओढून, तोच सदरा अंगावर ठेवून कैतानकडे गेला. कैतानचं नाक हललं. मग मान वळली, सावकाश, निश्चयाने, भिंतीकडे.

दुसरी पुडी ओली होती. धुमसली, विझली, पुन्हा पेटली, आणि जिभेला असा चटका देऊन गेली की दोन दिवस सोलकढीही झोंबली. सदऱ्याला जळक्या गुळाचा वास चिकटला. कैतानने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या पुडीत काहीच नव्हतं.

म्हणजे पान होतं. तपकिरी, कोरडं, बारीक चौकोनी तुकड्यांत कापलेलं. पण ना मध, ना फळ, ना मसाला. पेटवल्यावरही ते मौनच राहिलं. तुळसकरने दोन झुरके घेतले, पाइप झटकला, आणि पुडी उघडीच खिडकीच्या फळीवर ठेवून दिली. अशा अरसिक पानाचं काय करायचं?

मग त्याने एक चूक केली. चांगल्या कारागिराकडूनच होते तशी. चौथ्या पुडीतल्या बर्लीवर त्याने मधाचं पाणी शिंपडलं, बडीशेप कुटून घातली, रात्रभर कापडात बांधून ठेवली. राजहंस पुन्हा घडवायचा होता त्याला. सकाळी कापड सोडलं तेव्हा आत एक चिकट, काळसर, करुण गोळा होता. त्याला वास होता तो कुणा अनोळखी माणसाने मित्राचा कोट चढवावा तसा.

तो गोळा त्याने माडाच्या बुंध्याशी पुरला. इस्टरला नऊ दिवस उरले होते.

*

फाल्गुनातली ती सकाळ स्वच्छ होती. स्फटिकनिर्मळ, निरभ्र, नुकत्या धुतलेल्या काचेसारखी. खिडकीच्या फळीवर तिसरी पुडी तशीच पडली होती, तीन आठवडे, उघडी, विसरलेली. वाऱ्याने तिला कुरवाळलं होतं. पान आणखी कोरडं झालं होतं, हलकं झालं होतं, बोटांत धरताच कुजबुजत होतं.

तुळसकरची बोटं थबकली. ही कुजबुज त्यांना ठाऊक होती. बांधलेलं कलम जीव धरतं तेव्हा काडीच्या सालीखाली असाच एक बारीक, सांगता न येणारा पालट होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. बोटांना कळतो.

त्याने पाइप भरला. सैल भरला, घाई न करता, वरून अंगठ्याने हळूच दाबून. काडेपेटीची पहिली काडी नुसती वरच्या थराला दाखवली. पान तापून उसळलं, त्याने पुन्हा दाबलं. दुसरी काडी. मग एक झुरका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

आणि मौन बोलू लागलं.

भाजलेल्या काजूगराचा तो गंध होता. त्याच्यामागे कोकोची कडवट, प्रौढ, मखमली छाया. त्याच्याही मागे वाळलेलं लाकूड, उन्हात तापलेली कौलं, पेटीतलं जुनं कापड. साखर नव्हती. नखरा नव्हता. हे पान भट्टीत पिवळं होऊन आलं नव्हतं, उन्हात तळून निघालं नव्हतं. कुठल्याशा छपराखाली उलटं टांगून घेऊन आठवडे-न्-आठवडे ते फक्त वारा प्यालं होतं. आपल्यातली गोडी त्याने वाऱ्याला देऊन टाकली होती, आणि देऊन झाल्यावर उरलं होतं ते हे तपकिरी शहाणपण.

तुळसकर अंगणात एकटा बसून होता आणि त्याचं मन आदराने भरून येत होतं. एका पुडीबद्दल, जी स्वस्त होती म्हणून त्याने तिला स्वस्त समजलं होतं. एका पानाबद्दल, जे कुणासारखं होऊ पाहत नव्हतं. त्याने चौतीस वर्षं कलमं बांधली होती, आणि एकदाही कुठल्या झाडाला दुसरं झाड व्हायला सांगितलं नव्हतं. मग या बिचाऱ्या बर्लीला त्याने राजहंस व्हायला का सांगावं?

राख पांढरीशुभ्र उरली. पाइप तळापर्यंत जळला होता, गोड नव्हे, कडू नव्हे, शांत.

*

त्या दिवशी तो सांजेची वाट न पाहता चार वाजताच गेला. रोझालिनने त्याच्या हातातला पाइप पाहिला.

"डागदरांनी धूर नको म्हटलासा," ती हळूच म्हणाली.

"अंगणात बसतंय, वैनी. लांब, माडाखाली. वारो दर्याकडे असा, धूर हयसर येवचो नाय."

तिने क्षणभर विचार केला. मग ती आरामखुर्चीशी गेली, नवऱ्याच्या पाठीशी उशी सारली आणि खुर्ची भिंतीकडून अंगणाकडे फिरवली.

तुळसकर माडाखालच्या दगडावर बसला. भरला. दाबला. पेटवला. धूर उठला, निळा, उभा, आळसावलेला. मग वाऱ्याने त्याला समुद्राकडे वळवलं. पण वाराही कधीकधी श्वास घेतो. तो एकदा थांबला, आणि धुराचा एकच धागा, कमळाच्या तंतूसारखा, माघारी फिरून ओसरीवर गेला.

कैतानचं नाक हललं.

मान वळली नाही. डोळे मिटले नाहीत. कपाळावर एक आठी उमटली, जुनी, चिकित्सक, खानसाम्याची आठी. जिने जहाजांवरचे रस्से चाखले होते आणि कप्तानांना न भिता नापास केले होते. नजर भिंतीची सवय सोडून अंगणात आली. दगडावर आली. पाइपवर आली. माणसावर आली, आणि तिथे थांबली.

ओठ हलले. जबडा एका बाजूला ओढला गेला. रोझालिन पुढे वाकली. आत कुठेतरी, सहा महिन्यांच्या चिखलात रुतलेला नांगर कुणीतरी दोन्ही हातांनी ओढत होतं.

"तो न्हय हो," कैतान म्हणाला.

माडाची झावळी हलली. रोझालिनने हात तोंडावर नेला. तुळसकरने पाइप तोंडातून काढला.

कैतान दम घेत होता. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. दोघे थांबले. थांबणं तुळसकरला येत होतं.

"पण बरो आसा."

"होय रे," तुळसकर म्हणाला. "तो न्हय. पण बरो आसा."

विझलेला पाइप घेऊन तो ओसरीवर चढला. पाइपचं लाकूड अजून गरम होतं. त्याने ते कैतानच्या उजव्या तळव्यावर ठेवलं, त्याच निर्जीव, विसरलेल्या तळव्यावर, आणि वरून आपली बोटं मिटली. त्या तळव्याची बोटं परतून मिटली नाहीत. तरी कैतान खाली पाहत राहिला, त्या हाताकडे, जणू दूरच्या किनाऱ्यावर कुणी दिवा लावला होता.

*

उरलेल्या नऊ दिवसांत कैतान मोजकंच बोलला. एकदा "मीठ" म्हणाला, कारण पेजेत ते कमी होतं. एकदा पत्नीला नावाने हाक मारली. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग इस्टर झाला, लेक आली, गाडी आली. तुळसकरने आरामखुर्ची टपावर बांधायला हात लावला. कैतानने गाडीच्या काचेतून डावा हात उचलला आणि वळणापर्यंत तो खाली केला नाही.

आता वसईहून दर रविवारी चार वाजता फोन येतो. रोझालिन तब्येत सांगते, नातवंडं सांगते, मग फोन कैतानच्या कानाशी धरते. पलीकडे श्वास ऐकू येतो, जड, सावकाश. मग एक शब्द, प्रश्नाच्या चढावर.

"भरलंस?"

"भरलंय," तुळसकर म्हणतो.

आणि कठड्यावर, फोन कानाशी धरून, तो काडी ओढतो. पान तापतं, उसळतं, निवतं. काजूगराचा, कोकोचा, कोरड्या लाकडाचा तो धूर पाण्यावर जातो, हळूहळू, निळा निळा, होड्यांवरून, डोलकाठ्यांवरून. तिथे वारा त्याला उचलतो आणि उत्तरेकडे नेतो, उत्तरेकडे नेतो, जिथवर दिसतं तिथवर.