रस्त्याकडे तोंड केलेला भोंगा

मित्रांनो, मैदानाच्या भिंतीवर, लोखंडी खांबाला बांधलेला जो करडा भोंगा तुम्हाला दिसतो, तो मी. जुना आहे, पण भंगार म्हणाल तर खबरदार. माझ्या उमेदीत चार गल्ल्यांपलीकडचं झोपलेलं मूल मी जागं करत असे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे मला कापलं, ठोकलं, वाकवलं आणि रंग फासला. फुटबॉल क्लबाने मला आणून इथे चढवलं. आत बसलेल्यांना सामना दिसतोच. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्यांना निदान ऐकू यावा, म्हणून माझं तोंड रस्त्याकडे आणि पाठ मैदानाकडे. आजवर मी एकही गोल पाहिलेला नाही. गोल ऐकल्यावर माणसांचे चेहरे कसे होतात, ते मात्र माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

भोंग्याला तोंड असतं, जीभ नसते. माझी जीभ म्हणजे थोरली. ती फाटकावर तिकिटं फाडायची आणि सामना सुरू झाला की मैदानाच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत माइकपुढे बसायची. शाळा जेमतेम पाहिलेली, पण खेळाडूच्या सात पिढ्या उद्धरायला तिला पुस्तक लागत नसे. हा बॉल मारतोय की बॉलची माफी मागतोय, असं ती म्हणाली की भिंतीखाली हशा पिकायचा. तिच्या धाकट्या जावेचा मुलगा क्लबाचा गोलकीपर होता. दोघींनी मिळून वाढवलेला, घरातला एकुलता एक. धाकटी डबा घेऊन खोलीत यायची. माइक चालू असल्याचं भान दोघींनाही नसायचं, आणि भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं हे साऱ्या वस्तीला माझ्या तोंडून कळायचं.

माझा आवाज आला की लोक हातातलं काम टाकून भिंतीखाली जमत. चावीवाला अर्धी घासलेली किल्ली तशीच सोडून यायचा. इस्त्रीवाल्याने माझ्यापायी कुणाचा तरी लग्नाचा शर्ट जाळला. त्यांना कुणी बोलावत नसे. पाय आपोआप वळत.

मग ते वर्ष उजाडलं. राष्ट्रीय करंडकाच्या पात्रता फेऱ्या सुरू होत्या. पहिल्या फेरीला नेहमीसारखी गर्दी होती, फक्त मधूनमधून खोकला ऐकू येई. दुसऱ्या फेरीला समोरचा संघ आलाच नाही. अर्धे खेळाडू तापाने पडले होते. आपला संघ न खेळताच पुढे गेला. थोरलीने तसं जाहीर केल्यावर एकाने टाळी वाजवली, आजूबाजूला पाहिलं आणि हात खिशात घातले.

त्यानंतर रस्ता बदलला. औषधाच्या दुकानापुढे खडूची वर्तुळं उमटली. चावीवाल्याची टपरी एक दिवस उघडली नाही, ती नाहीच. रुग्णवाहिका आधी ओरडत जायच्या. पुढे रस्ता इतका ओस पडला की त्यांना ओरडायचीही गरज उरली नाही.

शेवटची फेरी तेवढी बाकी होती. जिंकलो तर क्लब पहिल्यांदाच करंडकात उतरणार होता. प्रेक्षकांविना खेळा, असा वरून हुकूम आला. लोकांना घरबसल्या निदान ऐकू तरी यावं, असं क्लबाच्या चिटणीसांना वाटलं. माझा आवाज होता नव्हता तेवढा वाढवून द्या, असं त्यांनी सांगितलं. हेतू चांगलाच होता.

सामन्याच्या सकाळी धाकटी खोली झाडायला आली. तिला दमा होता. माइक चालूच होता.

"आज उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही," थोरली म्हणाली. "खिडकीत बस. तुझ्या लेकाचा एकेक बॉल मी तुला घरपोच देते."

"आणि मधेच गप्प झालात म्हणजे?"

"मी? माझं तोंड कधी बंद पडलेलं पाहिलंयस?"

धाकटी हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली.

सामना सुरू झाला. आधी रस्ता रिकामा होता. मग एक दार किलकिलं झालं. वारा होता, घरात पोहोचेपर्यंत शब्द तुटत होते. लोक पायरीवर आले, तिथून फाटकात, तिथून भिंतीखाली. तोंडावरचे मास्क 'काय म्हणाली?' विचारण्यासाठी हनुवटीवर उतरले. थोरलीला दिसत होतं मैदान आणि रिकामी बाकं. सगळे घरात बसून ऐकताहेत, या खुशीत ती आणखी रंगात आली. गर्दी मला दिसत होती, पण मला स्वतःचा एक शब्दही बोलता येत नव्हता.

आपण एका गोलने पुढे होतो. अगदी शेवटी पंचांनी आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. ते सांगून थोरली गप्प झाली. श्वासही ऐकू येईना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धाकटी दिसली. शाल छातीशी घट्ट धरून भराभर येत होती. गोलकीपरची आई म्हणून लोकांनी तिला वाट करून दिली आणि माझ्या बरोबर खाली, मधोमध उभं केलं.

"अडवला," थोरलीचा आवाज फाटला. "धाकटे, ऐकतेस ना? तुझ्या लेकाने अडवला. तू घरीच थांब, मी येते."

खाली माणसं धाकटीच्या गळ्यात पडत होती.

पुढे या रस्त्यावरच्या कितीतरी खिडक्यांत दिवा लागेनासा झाला. धाकटीला नेलं, तेव्हा थोरलीला गाडीच्या दारापर्यंतही जाऊ दिलं नाही. धाकटी परत आली नाही. गोलकीपर आता या रस्त्याने येत नाही. काही दिवसांनी चिटणीस खोलीत आले आणि म्हणाले, पात्रता फेऱ्या रद्द झाल्या, झालेले सामनेही धरणार नाहीत, तेवढं जाहीर करा. थोरलीने माइक त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनीही तो उचलला नाही.

मग नगरपालिकेची जीप आली. माणसाने भिंतीला शिडी लावली.

"आजी, लोकांना घरात बसवायचंय," तो म्हणाला. "एवढा दणदणीत भोंगा दुसरा नाही."

"म्हणूनच नेऊ नका," थोरली म्हणाली. "हा बोलला की लोक बाहेर येतात." मग म्हणाली, "हा कसला बोलतोय. मी बोलले."

तो शिडी घेऊन गेला. थोरलीने माझी वायर काढली, नीट गुंडाळली आणि फाटकाला कुलूप लावलं. तेव्हापासून मी मुका आहे.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी म्हणणार नाही. गंज चढायचा तो चढेल. पण कधीतरी तुमच्याही हातात माइक येईल. तेव्हा आवाज वाढवण्याआधी खुर्ची सोडा, बाहेर या, आणि तुमच्या शब्दापायी कोण घर सोडून आलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मागे बसून ते दिसत नाही. आणि ज्याला दिसतं, त्याला सांगता येत नाही.