भगिनी शहराचा पंप

मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. खुशाल म्हणा! मी नगरपालिकेच्या आवारातला एक जुना पाण्याचा पंप आहे, आणि मी दोन देशांचे भांडण एका दमात उपसून टाकले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या शहरात झाला. ते आणि हे शहर बहिणी-बहिणी. दोन्हीकडच्या महापौरांनी सह्या करून नाते जोडलेले. इथे पूर आला तेव्हा दोन्ही देशांच्या राजधान्या एकमेकींचे तोंडही पाहत नव्हत्या. तरी बहिणीने मला बोटीवर चढवले. वाटेत मी समुद्रच उपसायला घेतला होता. कप्तानाने हातापाया पडून थांबवले! इथे पोहोचताच मी इस्पितळाचे तळघर कोरडे केले. जनरेटर वाचला, दिवे राहिले. लोकांनी मला हार घातले.

"आता हा आपलाच," असे म्हणून महापौरांनी मला नगरभवनासमोरच्या मैत्री-कारंज्याला जोडले. मी रंगीत पाणी उडवायचे, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. घशाला गंज चढला, पण कौतुकाची चटक फार वाईट.

मग पूर बहिणीकडे आला. फोन आला, "आमच्या इस्पितळात पाणी शिरलंय. जनरेटर बुडेल. पंप धाडता का?"

अशाच मैत्रीच्या सह्यांनी जोडलेल्या इतर शहरांपैकी कुणी होड्या पाठवल्या, कुणी डॉक्टर. आणि मी... मी तर सगळ्यांच्या आधी पोहोचलो! बोटीची वाट कोण पाहतो? पोहतच गेलो. एका घोटात तळघर रिकामे! बाळंतिणी खिडकीतून हात हलवत होत्या...

एवढे बोलताना माझ्या नळीतून नुसती हवा येऊ लागली. शेजारी मला तेल घालणाऱ्या फिटरमावशींकडे पाहायचे मी टाळत होतो.

"म्हणून सांगतो मित्रांनो," मी घाईने पुढे म्हणालो, "धावून येणाऱ्याला शोभेला उभे करू नका. त्याला..."

"पुरे रे!" मावशींनी हातातले फडके खाली टाकले. "कुठला पोहत गेलास? फोन आला त्या संध्याकाळी मैत्रीच्या वाढदिवसाला पाहुणे आले होते. 'कार्यक्रम उरकू दे, पंप उद्या पाठवू,' म्हणाले महापौरसाहेब. रात्रीची बोट तुझ्याविना गेली, आणि त्या 'उद्या'पर्यंत तिकडचं तळघर छतापर्यंत भरलं. आत फोन वाजत होता आणि तू इथं कारंजं उडवत होतास. बटण मीच दाबलं होतं."