बाकल्याच्या शेंगा

२००३ च्या दिवाळीला हरिचंद फौजेतून सुट्टीवर आला, तेव्हा आईसाठी त्यानं रुमालात बांधून मूठभर बी आणलं. चपटं, तपकिरी, चिंचोक्याहून मोठं.

"आमच्या छावणीजवळ हिवाळ्यात हेच पेरतेत. बाकला म्हणतेत," तो म्हणाला.

गोरेगाव या खेड्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर कुणीच असलं बी पाहिलं नव्हतं. हरिचंद परत गेल्यावर त्याच्या आईनं, रूपाबाईनं, ते विहिरीजवळ, पाट वळतो तिथं टोबलं. वालासारखा वेल जाईल म्हणून शेजारी तुराट्या रोवल्या. पण वेल गेलाच नाही. रोपं सरळ उभी राहिली. देठाला चार कडा, आणि दाबून पाहिलं तर आतून पोकळ.

"ह्येला आधारच लागून नाही राहिला," नवरा धर्मसिंग हसला. "तुह्या तुराट्या वाया गेल्या."

पौषात फुलं आली. पांढरी, आणि मधोमध काळा ठिपका, काजळाचं बोट लावावं तसा. वास असा की पाणी शेंदायला आलेल्या बाया घागर खाली ठेवून उभ्या राहायच्या.

पण त्या साली थंडी पडलीच नाही. दुपारी ऊन चटकायचं. फुलं काळी पडून गळायची. रोज सकाळी रूपाबाईला बुडाशी त्यांचा सडा दिसायचा.

"उपट ते. मेथी लाव तिथं," धर्मसिंग म्हणाला.

"पोरानं इतक्या दुरून आणलं. राहू द्या."

तिनं त्याच तुराट्यांवर गोणपाट पसरलं. दुपारी ते भिजवायची, संध्याकाळी काढून घ्यायची.

संक्रांत उलटली आणि वारा फिरला. दात वाजावेत असं हिव आलं. आठवडाभर लोक शेकोटीपासून हलले नाहीत. मग एका सकाळी पानांच्या बगलेत तिला हिरवी बोटं दिसली. शेंगा होत्या. खाली लोंबत नव्हत्या, आभाळाकडं टोक करून उभ्या होत्या.

त्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्यावर तिनं एक तोडून उकलली, आणि तिथंच पाटाच्या कडेला खाली बसली.

आत कापूस होता. पांढरा, ओलसर, मऊ. त्यात प्रत्येक दाणा आपापल्या खळग्यात झोपला होता. रूपाबाईचा जन्म कापूस वेचण्यात गेला होता. बोंड उकललं की कापूस साऱ्या शिवाराला दिसतो. हा मात्र अंधारात, कुणी पाहणार नाही अशा जागी, दाण्याला थंडी वाजू नये म्हणून कुणीतरी भरला होता.

ती शेंग घेऊन सासूकडं पळाली. नानीबाईला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"याडी," तिनं आईला मारावी तशी हाक मारली, "बोट घाल ह्यात."

नानीबाईनं बोट घातलं. बराच वेळ ते हललं नाही.

"हे तर लेकराचं अंथरूण हाय," ती हळूच म्हणाली. "कुणी घातलं गं?"

"कुणी न्हाई. आपोआप."

"आपोआप," नानीबाई म्हणाली, आणि देवाच्या पाया पडावं तसा तिनं दुसरा हात कपाळाला लावला.

संध्याकाळी मीठ घालून ओंजळभर दाणे शिजवले. बाकीच्या शेंगा बियाण्यासाठी झाडावरच राहू दिल्या. दोन घास खाऊन धर्मसिंगनं आणखी मागितले. नानीबाईनं शेंगेचं टरफल शेळीला टाकू दिलं नाही. जेवण होईस्तोवर ती त्याच्या आतून अंगठा फिरवत राहिली.