मापात बसलेला आवाज

"आधी आवाज कमी ठेव हं," मीटरसाहेब लेकीला म्हणाले. कारखान्याच्या तपासणी खात्यात उभी हयात गेली, तिथंच चिकटलेलं हे नाव. लेक जमिनीवर मांडी घालून गिटारची वायर पेडलमध्ये खोचत होती. खाली गाडीत तिच्या बँडची मंडळी थांबली होती. तिला येऊन पाच मिनिटं झाली नव्हती, तोवर तिचं दोनदा खिडकीतून खाली डोकावून झालं होतं.

हे पेडल त्यांनीच तिला करून दिलं होतं, ती पंधराची असताना. पायानं दाबलं की गिटारचा साधा सूर गुरगुरायला लागायचा. तेव्हा एकेक कपॅसिटर, म्हणजे सर्किटमधला आवाजाचा पोत ठरवणारा तो चिमुकला भाग, ते चिमट्यानं जोडून बघायचे, ती तार छेडायची, आणि मग दोघांची जुंपायची.

"हा प्लास्टिक फिल्मचा लावू या, स्वच्छ आवाज येतो."

"स्वच्छ कोणाला हवाय? दवाखाना आहे का हा?"

शेवटी मोडक्या रेडिओतले चार सिरॅमिक कपॅसिटर, नुसत्या तपकिरी टिकल्या, पंधरा वर्षांच्या बाईसाहेबांच्या पसंतीस उतरले. आई आतून ओरडायची, अरे, आता तरी जेवा! हल्ली ओरडायलाही घरात कोणी नव्हतं.

पेडल गेल्या महिन्यात दुरुस्तीला आलं. दोष एकच, बॅटरीजवळचा मोठा कपॅसिटर फुगला होता. तो बदलला की काम संपलं. पण रिकाम्या घरात माणसाचे हात स्वस्थ बसतात थोडेच! त्यांनी ते चार सिरॅमिकही मीटरला लावले. अरे देवा, वर छापलेल्या आकड्याशी एकाचाही मेळ नाही, एक तर पार निम्म्यावर! पोर मोठमोठ्या स्टेजवर वाजवते, आणि बापाच्या हातचा असला माल? चारही उपटून फेकले आणि अगदी नेमक्या मापाचे फिल्मचे बसवले. आठवडाभर स्वारी खुशीत होती. लेक येईल, वाजवेल, तासभर बसेल.

आता वायर खोचून झाल्यावर लेकीनं तार छेडली. पुन्हा छेडली. आवाज भरदार, गोल, कुठं ओरखडा म्हणून नाही. मीटरसाहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. तिचा आवाज त्या चुकलेल्या मापातच होता, आणि तो त्यांनी कचऱ्यात टाकला होता.

"सिरॅमिक काढलेस?"

"मापात नव्हते गं."

आता ही भडकणार, असं त्यांना वाटलं. खरं तर तेच हवं होतं.

"बस ना जरा. डबाभर जुने सिरॅमिक पडलेत माझ्याकडे. एकेक लावून बघू, तू सांग," असं म्हणत त्यांनी सोल्डरिंग आयर्नचं बटण दाबलंसुद्धा.

खालून हॉर्न वाजला.

"राहू दे, बाबा. छान झालंय. चालेल."

चालेल! एका कपॅसिटरपायी तीन-तीन दिवस अबोला धरणारी ही पोर! परक्या माणसाशी वागावं तशी समजूतदार झाली होती. मीटरसाहेबांना फार वाईट वाटलं.

"गोळ्या वेळेवर घे," म्हणाली, पेडल पिशवीत टाकलं आणि जिना उतरली.

गाडीचा आवाज विरल्यावर त्यांनी डबा मेजावर उपडा केला. एकेक सिरॅमिक मीटरला लावू लागले. मापात बसेल तो परत डब्यात, चुकेल तो जपून बाजूला. संध्याकाळपर्यंत अकरा चुकलेले निघाले.