टॉवेलखालचा झारा

मी झारा बोलतोय. या गावातली निम्मी माणसं जन्माला आली, तेव्हा मी तिथं हजर होतो. बरं, निम्मी नसतील. एका गल्लीपुरती धरा. आणि हजर म्हणजे टॉवेलखाली झाकलेला. बाळाला हात लावायला मला कधी कोणी बोलावलं नाही. बाळाच्या आधी जे येतं, ते उचलायला मी.

हसा, हसा. मीही हसतोच.

जातीने मी तळणातला. जाळीचं तोंड, लांब दांडा. भांड्यांच्या दुकानात भावांबरोबर टांगलेला होतो, तेव्हा समोरच्या शाळेतले पाढे ऐकू यायचे. बाराचा पाढा निम्म्यावर असताना मी विकला गेलो, त्यामुळे माझं शिक्षण तिथे अडलंय ते अडलंय. भाऊ सगळे कढईत गेले. मला मात्र जाड चष्म्याच्या एका बाईंनी उचललं, दांडा हातात तोलला, जाळीतून उजेड पाहिला.

"किती माणसांचं तळण आहे?" दुकानदाराने विचारलं.

"तळण नाही हो. मी सुईण आहे. माझ्याकडे बायका पाण्यात बाळंत होतात."

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डोक्यात उजेड पडल्यावर त्याने मला कागदात असं घाईने गुंडाळलं, की जणू मी आधीच वापरून झालोय.

सुईणबाईंच्या प्रसूतिगृहात खिडकीपाशी एक मोठा गोल टब आहे. त्यात कोमट पाणी. कळा कशा असतात ते मला ठाऊक नाही, पण पाण्यात उतरली की बाईचे खांदे कसे सैल पडतात ते मी पाहिलंय. शेवटच्या जोराला मात्र पंचाईत. दारातून कपाट काढायचं म्हटलं की वाटेतल्या चपला आधी बाहेर पडतात ना, तसं बाळाचं डोकं खाली येताना आतड्यात उरलंसुरलं सगळं पुढे ढकलत आणतं.

यावर सुईणबाईंची रीत ठरलेली. बाईने डोळे मिटून जोर लावला की मला टॉवेलखालून झटकन काढायचं, पाण्यातलं उचलायचं, झाकणाच्या डब्यात टाकायचं, मला औषधाच्या बादलीत बुचकळायचं आणि पुन्हा टॉवेल. बाईला पत्ताच नाही. नवऱ्यांना कधी कधी लागतो, मग ते वर बघून पंख्याची पाती मोजतात.

अशात एके दिवशी शिट्टीबाई आली. हे नाव तलावावरच्या पोरांनी ठेवलेलं. ती पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, आणि तिचा एकच कायदा: पाणी खराब करेल तो बाहेर! एकाने केलं की शिट्टी, सगळे काठावर, तलाव बंद, आणि त्या बिचाऱ्याचं नाव गावभर. अशी कितीतरी पोरं तिने रडवली होती.

सोबत नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी आल्या आल्या चुगली केली. "कालपासून घास घेतला नाही हिने. नुसती पाण्यावर आहे."

पोट रिकामं ठेवलं की काही होणारच नाही, असं शिट्टीबाईचं गणित. माझ्या पाढ्यासारखंच, अर्धवट.

सकाळ छान गेली. ऐन जोराची वेळ आली आणि ही थांबली.

"मला बाहेर काढा. मला जायचंय."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्या लग्नाला!"

"अरे, संडासला म्हणतेय ती," सासूबाई म्हणाल्या.

"ते बाळच आहे गं," सुईणबाई म्हणाल्या. "तिथेच दाबतंय, म्हणून तसं वाटतं."

"आणि नसलं बाळ, तर?"

कळ आली की ती दात खाऊन आवळून धरायची. डोकं जिथल्या तिथे. सुईणबाईंनी बाळाचे ठोके ऐकले. ठोके ठीक होते, पण चष्मा पुन्हा पुन्हा पुसायला लागल्या. त्यांचा चष्मा वाफेने ओला होत नाही, काळजीने होतो.

"अशी धरून ठेवलीस तर बाळ दमेल. मग इथून काढून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल तुला."

"न्या. पण या पाण्यात नाही. सगळ्यांसमोर नाही." शिट्टीबाई रडत होती. काठावरच्या पोरासारखी.

नवरा पंख्याकडे वळला.

आणि तेवढ्यात तिची नजर टॉवेलवर गेली. पाण्यातलं एकेक डोकं टिपणारी नजर ती! माझा दांडा बाहेर राहिला होता.

"ते काय आहे?"

"ते होय... फेस काढायला," सुईणबाई म्हणाल्या.

"कसला फेस? साबण कुठाय इथे? आमच्या तलावावर पण जाळी असते, ताई. ती कशाला असते, मला सांगू नका."

सुईणबाईंनी हळूच टॉवेल काढला. भर उजेडात, चार माणसांत, मी उघडा.

"म्हणजे... सगळ्यांचीच होते?"

"बहुतेकींची. आणि झाली की मला बरं वाटतं बघ. जोर बरोबर जागी लागला म्हणायचा."

"मग लपवलात कशाला?"

सासूबाईंनी हात पुढे केला. "आणा तो इकडे. जन्म गेला झारा धरण्यात. आणि तू गं, ज्याच्यासमोर लाजतेस ना, त्याचं सगळं मीच धुतलंय. पाच वर्षांचा होईस्तोवर!"

"आई!" नवरा पंख्यावरून खाली आला.

शिट्टीबाई फस्सकन हसली. हसता हसता कळ आली, आणि इतका वेळ आवळलेलं सुटलं. एवढा उपास, एवढी लाज, आणि निघालं काय? चिंचोक्याएवढं! सासूबाईंनी मला अलगद खालून घातलं, उचललं, आणि हाताच्या सवयीने काठावर आपटलं, टक टक, तेल निथळायला!

कोणाला हसू आवरेना. पण सुईणबाई म्हणाल्या, "आलं. डोकं आलं." आणि सगळे टबावर वाकले.

मला बादलीतून नुकतंच काढलं होतं. सासूबाईंचा हात मला विसरला. मी घसरलो आणि पाण्याच्या तळाशी जाऊन उताणा पडलो.

तिथून जे दिसलं, ते सांगायला मला बाराचा पाढा पुरा येत असता तरी पुरला नसता. खिडकीचा उजेड पाण्यात हलत होता. त्या उजेडात एक डोकं. केस पाण्यात डुलत होते. आणि मग सगळं थांबलं. डोकं या जगात, बाकीचं त्या जगात, आणि त्याला कसलीच घाई नाही. चेहरा असा शांत, जणू इथलं सगळं त्याला आधीच माहीत आहे. डोळे उघडले. माझी थट्टामस्करी सगळी आटली. अरुंद दारातून निघताना माणूस जसं अंग तिरकं करतो, तसं ते आपलं आपण वळलं, खांदा सुटला, आणि सबंध बाळ माझ्यावरून उजेडाकडे गेलं.

मग वरून रडणं. बाळाचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं. कोणतं कोणाचं, पाण्याखाली ओळखू येईना.

आता माझी जाळी एका कडेने उसवलीय. लवकरच नवीन झारा येईल. पण त्या दिवसापासून मी टॉवेलखाली नाही, टबासमोर खिळ्यावर असतो. येणारी प्रत्येक बाई विचारते, आणि सुईणबाई खरं सांगतात. माझ्यानंतर येईल त्यालाही झाकू नका, एवढंच मागणं. त्यालाही दिसू दे.

हां, त्या दिवशीचं एक राहिलंच. मुलगी आईच्या छातीवर होती, अजून पाण्यातच. आणि तिने निवांतपणे आपला पहिला कार्यक्रम उरकला. काळाकुट्ट, भरपूर, आईपेक्षा कितीतरी जास्त. डोळे पुसता पुसता नवऱ्याला जोर चढला.

"शिट्टीबाई, कायदा काय सांगतो? पाणी खराब करेल तो बाहेर!"

शिट्टीबाईने मान वर केली. "सकाळपासून तिला बाहेरच काढत होते ना रे? अजून किती बाहेर काढू?"