निळ्या जिराफांचे महागडे दुपटे

मी एक जुनी मलमल आहे. तान्ह्या बाळाला गुंडाळायची, दुपट्याच्या मापाची, दोन पदरी. आज माझ्या अंगावर तपकिरी डाग आहेत आणि एका कोपऱ्याला बोट जाईल एवढे भोक आहे. तरी मित्रांनो, एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मी महाग होते आणि त्या किमतीला लायक होते. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. लायक कशी ठरले, तेवढे मात्र नीट ऐकून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका गिरणीत झाला. बारीक सूत, विरळ वीण आणि जागोजागी टाके घालून जोडलेले दोन पदर. पांढऱ्या अंगावर निळ्या रेघांचे जिराफ छापले होते. नुसती रेघ निळी, आत सगळे पांढरे. मग घडी घालून मला एका खोक्यात बसवले आणि वर रेशमी फीत बांधली. असा थाट सगळ्या कापडांच्या वाट्याला येत नाही.

लिव्हिंगस्टन शहरातल्या एका दुकानातून मला मुतिन्ताने विकत घेतले. ती नदीकाठच्या एका लॉजवर कपडे धुण्याचे काम करत असे. परदेशी पाहुण्यांबरोबर तान्ही मुले असत आणि त्यांच्या कपड्यांत माझ्यासारखी दुपटी येत. मुतिन्ता ती धुऊन, वाळवून, घडी घालण्याआधी हळूच गालाला लावून बघायची. किती मऊ! धाकट्या बहिणीला, लुयांडोला, दिवस गेले तेव्हाच तिने मनाशी ठरवले होते की बाळंतविडा न्यायचा तर हाच. त्यांची आई लुयांडोच्या लहानपणीच वारली होती. मुतिन्तानेच तिला वाढवले, तिचे लग्न लावले. त्यामुळे आईचा मान तिचा होता आणि आईचा आहेरही तिनेच न्यायचा होता.

ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात बसने आम्ही मोंझे गावाला आणि तिथून पायी लुयांडोच्या सासरी पोहोचलो. बाळ झाले होते, मुलगी. नाव चोल्वे. लुयांडोचा नवरा मुंगा उसाच्या मळ्यावर कामाला होता आणि घरात त्याच्या आईचे राज्य होते. त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे सगळे तिला बिना-मुंगा म्हणत, म्हणजे मुंगाची आई. मुतिन्ताने फीत सोडली आणि मला त्यांच्या हातात दिले.

"केवढ्याला पडलं?" बिना-मुंगांनी पहिला प्रश्न विचारला.

मुतिन्ताने सांगितले. तेवढ्या पैशांत एक बकरी आली असती.

"बकरीच्या किमतीत रुमाल आणलात, विहीणबाई?"

"रुमाल नाही हो, दुपटं आहे. परदेशी बायका बाळाला यातच गुंडाळतात."

"असं? मग पाठीवर बांधून दाखवा."

तिथे मूल पाठीवर वाढते. बाईने कमरेला गुंडाळलेले चितेंगे, म्हणजे लांबरुंद कापड, सोडायचे, मुलाला पाठीवर घ्यायचे आणि छातीवर गाठ मारायची. मुतिन्ताने मला पाठीमागून पुढे ओढून पाहिले. माझी दोन टोके एकमेकांना भेटेनात. मी त्या कामासाठी विणलेलीच नव्हते, पण ते सांगणार कोण?

बिना-मुंगांनी मला उजेडात धरले. "आरपार दिसतंय. वारा सरळ आत घुसणार. तान्ह्या पोरीला वारा लागता कामा नये."

"आई, राहू दे ना," लुयांडो म्हणाली. "ताईने हौसेने आणलंय."

तेवढ्यात चोल्वेने दूध ओकले. मुतिन्ताला वाटले, आता दाखवून देते. तिने मला चटकन बाळाच्या हनुवटीखाली लावले. मित्रांनो, सांगताना आजही वाईट वाटते. दूध माझ्यावरून घरंगळले आणि लुयांडोच्या मांडीवर सांडले. माझ्या अंगात अजून गिरणीची खळ होती.

मुतिन्ताचा चेहरा पडला. ती मला बोटांत चोळून पाहू लागली. "मला फसवलं. लॉजवरची अशी नव्हती. ती पाणी गपकन पीत होती. दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला."

नकली आणि मी? मला ओरडून सांगावेसे वाटले. अगं बाई, लॉजवरची दुपटी तुझ्याकडे यायची ती वर्षभर वापरलेली, शंभरदा धुतलेली. कोरे दुपटे तू कधी हातात तरी घेतले होतेस का?

"असू दे," बिना-मुंगा म्हणाल्या. "फुकट नाही जायचं. चिब्वांटू गाळायला होईल."

मुतिन्ता दुसऱ्याच दिवशी परत निघाली. वेशीपर्यंत पोहोचवायला आलेल्या लुयांडोला ती म्हणाली, "आईच्या जागी उभी राहून आणलं होतं मी ते. गाळणं केलं त्याचं. आता बोलावल्याशिवाय नाही यायची मी या घरात." लुयांडो रडत घरी आली. सासू-सुनेमधले हसणे त्या दिवसापासून बंद पडले.

माझी नोकरी सुरू झाली. चिब्वांटू हे तिथले आंबटगोड पेय. मक्याची पातळ पेज शिजवायची, निवली की त्यात मुंकोयो नावाच्या झुडपाची कुटलेली मुळे घालायची, मग गाळून आंबायला ठेवायची. मी भांड्याच्या तोंडावर ताणून बसायचे आणि एक काडीसुद्धा खाली जाऊ द्यायचे नाही. बाळाला बघायला आलेल्या बायका घोट घेऊन म्हणायच्या, "या वेळी मुळांचे तंतू घशाला लागत नाहीत हो." ती शाबासकी माझीच होती आणि मी ती मनसोक्त घेतली.

प्रत्येक गाळणीनंतर बिना-मुंगा मला उकळत, दगडावर आपटत आणि काटेरी कुंपणावर वाळत घालत. कोपऱ्यातले भोक तिथलेच. खळ निघून गेली. सूत फुगले. मुळांचा तपकिरी रंग जिराफांच्या अंगात भरला. एकदा मला झटकताना बिना-मुंगा स्वतःशीच हसल्या. "आता कुठे जिराफ दिसायला लागले. निळा जिराफ कुणी पाहिलाय?"

पण चोल्वेचे हाल होते. एवढ्या उकाड्यात तिला जाड लोकरी पांघरुणात गुंडाळलेले असे, वर लोकरीची टोपी. मानेवर, काखेत लालभडक पुरळ. दिवसभर रडणे. लुयांडो पांघरूण काढायची, बिना-मुंगा परत घालायच्या. त्यांना दुष्ट म्हणू नका. मुंगाच्या आधीचे त्यांचे एक मूल जूनच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या, कडाक्याच्या थंडीत छाती भरून गेले होते. वाऱ्याची त्यांना खरीखुरी भीती वाटत होती.

एके दुपारी लुयांडो पाणी आणायला गेली होती. बिना-मुंगा चुलीपाशी पेज ढवळत होत्या, आत चोल्वे रडत होती. घामाने निथळत त्यांनी कुंपणावरून मला ओलसर होते तशीच ओढले आणि डोक्यावरून, मानेवरून घेतले. एक झुळूक आली. ढवळणारा हात थांबला. झुळूक माझ्यातून त्यांच्या मानेला लागली होती, आणि ती बोचरी नव्हती. त्या तशाच उभ्या राहिल्या. पेज करपायला लागली तरी उभ्याच.

मग त्या आत गेल्या. टोपी काढली. पांघरूण सोडले. तोवर मी कोरडी झाले होते. त्यांनी मला त्या पोरीभोवती गुंडाळले आणि तिच्या छातीवर तळवा ठेवून बसल्या, अंग गार पडते का ते बघत. अंग गार पडले नाही. चोल्वेने दोन हुंदके दिले, थोडे दूध ओकले आणि झोपली. ते दूध मी थेंबभरही खाली जाऊ दिले नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस तो.

लुयांडो डोक्यावरचे पाणी उतरवून दारात आली आणि बघतच राहिली.

"बोलू नकोस, उठेल ती," बिना-मुंगा कुजबुजल्या. आणि जरा वेळाने म्हणाल्या, "तुझ्या ताईला फोन लाव."

"विहीणबाई, कधी येताय?" त्यांनी फोनवर विचारले.

"का? गाळणं फाटलं?" पलीकडून मुतिन्ताचा आवाज आला, तिखट.

"फाटलं नाही. तुमच्या भाचीने बळकावलंय. माझं चिब्वांटू अडलंय, दुसरं घेऊन या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

मुतिन्ता आली ती खोके घेऊनच. आधी तिने चोल्वेला उचलले, मग मला गालाला लावले आणि डोळे मिटले. "हेच ते. अगदी असंच. लॉजवरची अशीच असतात."

"अशी नसतात," बिना-मुंगा म्हणाल्या. "हे मी केलंय."

मुतिन्ताने त्यांच्या चिरा पडलेल्या हातांकडे पाहिले आणि मान डोलावली. लुयांडो हसली, मग तिघीही हसल्या. बिना-मुंगांनी नव्या दुपट्याची फीत सोडली आणि ते कोरेकरकरीत कापड सरळ भांड्याच्या तोंडावर बांधले.

"हे पुढच्या बाळाला," त्या म्हणाल्या. "आधी जरा कामाला लागू दे."

म्हणून मित्रांनो, बाळंतविड्यात महागडी मलमल द्यावी का, असे कुणी विचारले तर बेधडक सांगा, द्यावी. पण खोके घरीच ठेवा. देण्याआधी ती उकळा, आपटा, उन्हात वाळवा, तुमच्या हातांनी मऊ करा. आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही तिला कपाटात जपून ठेवू नका, डाग पडू द्या. चोल्वे आता चालते. मला मातीतून फरफटत नेते आणि झोप आली की माझेच भोक बोटाने शोधते. आत्ताही तिचे बोट त्यातच आहे, तेव्हा मी इथेच थांबते.