सातापर्यंत शिकलेला बाक

मी बाक बोलतोय. तिसरीच्या वर्गातला, शेवटचा. आज रविवार, पोरं नाहीत, म्हणून तोंड उघडायची सोय झाली. बसायचं असेल तर बसा, पण डावीकडे नको. तिकडचा खिळा वर आलाय आणि त्याने आजवर कुणाचीच भीड ठेवलेली नाही.

माझं कूळ काही थोर नाही. बसायची फळी मोडीत निघालेल्या एका कापडदुकानाच्या काउंटरची, पाय कुठल्याशा दाराच्या चौकटीचे. एका म्हाताऱ्या सुताराने जुळवाजुळव करून मला उभं केलं आणि एक पाय बोटभर आखूड ठेवला. शाळेत आणल्यावर तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला एकदा हलवून पाहिलं. "हा डुगडुगतोय. मागे टाका." झालं. तेव्हापासून मी मागे.

आयुष्य शाळेत काढलं म्हणून मी शिकलेला असेन असं समजू नका. शेवटच्या बाकापर्यंत विद्या येते ती वाटेत सांडत सांडत. मला पाढे सातापर्यंत येतात. आठाचा सुरू झाला की मधल्या रांगांत गलका व्हायचा आणि पुढचं सगळं त्यात बुडायचं. दर वर्षी हेच. सातावर माझी गाडी अडली ती अडलीच.

त्यात या शाळेची एक रीत होती. परीक्षेचा निकाल लागला की बसायच्या जागा बदलायच्या. जास्त गुणवाले पुढे, कमी गुणवाले मागे. म्हणजे ज्याला कमी ऐकू आलं त्याला आणखी लांब बसवायचं! भुकेल्याला स्वयंपाकघरापासून दूर न्यायचा हा प्रकार. माझ्यावर एकदा बसलेलं पोर वर्षभर माझ्यावरच राही. वाईट नव्हती हो ती पोरं. माझ्या पाठीवर कोरलेली चित्रं पाहा. त्यातली बोट तर अशी आहे की पाण्यात सोडली तर तरंगेल.

पोरांखेरीज माझ्यावर आणखी काही मंडळी बसतात. निरीक्षक. शिक्षकाचा पाठ पाहायला आलेला माणूस कुठेही बसत नाही, शेवटच्या बाकावरच बसतो. गुडघे पोटाशी, हातात पेन, चेहरा पोट बिघडल्यासारखा. आणि शिकवणाऱ्याची गंमत अशी की तो पोरांना शिकवतच नाही. पोरांच्या डोक्यांवरून नजर थेट माझ्यावर, त्या पेनाकडे. मी कितीतरी शिकाऊ मास्तर-मास्तरणी पाहिल्या. सगळ्यांनी पेनालाच शिकवलं.

एकीने तेवढं पेनाला शिकवलं नाही. सडपातळ पोरगी, दोन्ही बाह्या खडूने पांढऱ्या. सुरुवात तिनेही पेनापासूनच केली. मग परीक्षकाशेजारी बसलेल्या पोराने एवढी मोठी जांभई दिली की हिचा शब्दच तुटला. हसली, फळा सोडून चालत मागे आली आणि माझ्या कडेला टेकून बाकीचा पाठ तिथूनच घेतला. परीक्षकाने शेरा दिला, "फळ्यापासून फार दूर गेल्या." मी मनात म्हटलं, पोरी, तुला जमेल.

पुढे ती याच शाळेत लागली. पोरांनी नाव ठेवलं खडूबाई. लग्न केलं तेही कुणाशी, तर मला आखूड पायाचा करणाऱ्या त्या म्हाताऱ्या सुताराच्या मुलाशी. तो शाळेचं सामान दुरुस्त करायला येई. मला पाहिलं की म्हणे, "हे आमच्या बाबांचं पाप." स्वतः मात्र माझा पाय दुरुस्त करायला त्याला कधी सवड झाली नाही. बापापेक्षा बेटा सवाई.

खडूबाईंच्या डोक्यात एक खूळ होतं. मागच्या भिंतीवरही एक फळा लावायचा. दर सोमवारी सगळे बाक उलट फिरवायचे. या आठवड्यात जे शेवटचे, ते पुढच्या आठवड्यात पहिले. आणि गुणांवरून बसवायचं बंद. त्या हे विचारायला मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका. त्या वर्गात आल्या, मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, फळा पुढे असतो. भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी संस्थेला विचारावं लागतं. उगाच वाकड्यात शिरू नका." खडूबाई मान हलवून परत आल्या. त्या दिवशी खडूचे तुकडे जरा जास्तच पडले.

मग शिक्षकांच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं आणि दुरुस्ती होईपर्यंत मधल्या सुट्टीत सगळे आमच्या वर्गात डबे खायला येऊ लागले. मोठ्या बाई दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होत्या. संस्थेने नियम काढला होता की पुढचा मुख्याध्यापक पदव्युत्तर शिकलेला हवा. त्यामुळे डब्यांबरोबर पदव्याही उघडल्या जायच्या. बी.एड. झाल्यावर माणूस शिकायचा थांबत असेल असं मला वाटायचं. कसलं काय! एवढे प्रकार तर माझ्या काउंटरवर कापडाचेही नव्हते.

गणिताचे सर एम.एड. होते आणि ते आपण विसरू नये याची काळजी घेत. "साधं एम.एड. करा," ते म्हणायचे. "सगळ्याला चालतं." पहिलीच्या बाई म्हणायच्या, "मला विशेष शिक्षण घ्यायचंय. ज्या पोरांना अक्षरं उलटी दिसतात, त्यांना कसं शिकवायचं ते." कुणी म्हणे अभ्यासक्रम आखायचा शिका, पुस्तकं काढता येतील. कुणी म्हणे समुपदेशन घ्या, हल्ली पोरांपेक्षा आईबापांनाच त्याची गरज. एम.ए. शिक्षणशास्त्र घेतलं तर पुढे संशोधन आणि पीएच.डी., असं आणखी कुणी. यादीत सगळ्यात शेवटी शालेय व्यवस्थापन. त्याचं नाव निघालं की सगळे नाक मुरडायचे.

"व्यवस्थापन म्हणजे काय हो?" पहिलीच्या बाईंनी विचारलं.

"पाण्याची टाकी भरली का, घंटा वाजली का आणि शिपाई कुठे गेला," गणिताचे सर म्हणाले. "त्याला पदवी कशाला? आमची ही घरी रोज करते."

"मग त्यांनाच का नाही नेमत?" खडूबाई म्हणाल्या.

सरांनी डबा मिटला.

माझं मत विचाराल तर खडूबाईंनी विशेष शिक्षण घ्यावं. कुणी विचारलं नाही, तो भाग वेगळा. पण उघड आहे ना! माझ्यावरच्या पोरांना ज्या शास्त्राने चार अक्षरं येतील, ते शास्त्र घ्यावं. व्यवस्थापन म्हणजे खुर्ची. आणि खुर्चीबद्दल माझं मत चांगलं नाही. हात असतात, गादी असते, पण एका वेळी एकच माणूस बसवते.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला. शाळा सुटल्यावर खडूबाई वर्गात बसून राहिल्या. नवरा न्यायला आला आणि नेमका माझ्या डाव्या बाजूला बसला.

"आई गं!" तो उडाला. "काय ठरलं मग?"

"व्यवस्थापन."

"अगं, रोज रात्री त्या मागच्या बाकावरच्या पोरांचं पुराण ऐकवतेस. मग त्या पहिलीच्या बाई घेतायत ते घे की."

"घ्यावंसं वाटतं हो. पण माझ्या एका वर्गात मी मागे जाऊन शिकवते. बाकीच्या वर्गांत काय? कुणाला कुठे बसवायचं हे वर्गात ठरत नाही, ऑफिसात ठरतं. मला त्या भिंतीत खिळा ठोकायचाय आणि त्याचा हक्क मागायला दर वेळी दार वाजवायचं नाहीये."

"आणि खुर्ची गणिताच्या सरांना मिळाली तर?"

"तर मी शिकलेली शिक्षिका होईन. तोटा काय?"

नवरा उजवीकडे सरकून बसला. मग म्हणाला, "खिळा मी ठोकीन. भिंत तू मिळव."

मी चिडलो होतो. आमची बाई खुर्चीच्या नादाला लागली, असंच मला वाटलं. पुढची दोन वर्षं त्या शाळा सुटल्यावर माझ्यावरच बसून अभ्यास करायच्या. वेळापत्रक, अंदाजपत्रक, कायदे, माणसं कशी सांभाळायची त्याची जाडजाड पुस्तकं. वाचता वाचता डुलकी लागायची आणि मी डुगडुगून त्यांना उठवायचो. माझ्या आखूड पायाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच.

शेवटच्या वर्षी त्यांना प्रकल्प करायचा होता. शाळेतली एक व्यवस्था बदलून पाहायची आणि काय फरक पडला ते दाखवायचं. विद्यापीठाकडून तसं विचारणारं पत्र आलं, खाली गोल शिक्का. मोठ्या बाई खिळ्याला घाबरत, पण शिक्क्याला त्याहून जास्त. "एकच सत्र हं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने खिळे ठोकले. मागच्या भिंतीवर फळा चढला. सोमवारी पोरांनी बाक उचलून उलटे फिरवले. असा गोंधळ की खालच्या वर्गातल्यांना छप्पर पडतंय असं वाटलं. आणि मी, जन्मभर मागचा, फळ्यासमोर! खडूची भुकटी अंगावर. मला तर लाजच वाटली. माझ्यावर एक बारीक पोरगी बसायची, आवाज एवढासा म्हणून तिला चिमणी म्हणायचे. ती पहिला आठवडाभर माझ्या कडेला घट्ट धरून बसली. दुसऱ्या खेपेला पुढे आली तेव्हा तिने बोट वर केलं. फार नाही, कानापर्यंत. पण केलं.

मग मुख्याध्यापकपदासाठी पाठ पाहायचं ठरलं. अर्जदार दोघं, गणिताचे सर आणि खडूबाई. संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. आदल्या दिवशी सरांचा पाठ पाचवीत झाला, छान झाला म्हणे. सरांना शिकवता येतं, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आमच्या वर्गात शिरले. त्यांना सवय एकच. पाठ पाहायचा तर दारातून सरळ खोलीच्या त्या टोकाला जायचं आणि भिंतीजवळच्या बाकावर बसायचं. आले, चिमणीशेजारी कोंबून बसले, पेन काढलं. आणि खडूबाई आल्या त्या नेमक्या त्यांच्या नाकासमोरच्या फळ्यापाशी. तो आठवडा माझा पुढे बसायचा होता!

अध्यक्ष मागे वळून पाहतात तर अख्खा वर्ग त्यांच्या पाठीशी. उठावं तर गुडघे अडकलेले. खाली डुगडुग, डावीकडे खिळा. पेन खिशात गेलं.

"आज आठाचा पाढा," खडूबाई म्हणाल्या. माझ्या फळीत शहारा आला. "पहिल्या बाकापासून सुरू करू या. नवीन विद्यार्थी, उठताय का?"

पोरं खिदळली. अध्यक्षही हसले, कसेबसे उभे राहिले आणि लागले म्हणायला. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस... झकास चालले. आठ साते म्हणाले आणि थांबले. तेव्हा माझ्या उजव्या कडेकडून आवाज आला, एवढासा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "छप्पन्न."

"छप्पन्न," अध्यक्ष म्हणाले. "मीही शाळेत मागेच बसायचो."

खुर्ची खडूबाईंना मिळाली. गणिताचे सर महिनाभर बोलले नाहीत. मग दुसऱ्या वर्गात फळा लावताना नवऱ्याने तो तिरका लावला आणि सरांना राहवलं नाही. "अहो, तीन अंशांनी कललाय!" आता शाळेभर फळे लावायचे ते तेच लावून घेतात, पातळी बघायची पाणसळ हातात घेऊन. गुणांवरून बसवायचं पहिल्याच दिवशी बंद झालं. पहिलीच्या बाईंनी त्यांची ती विशेष शिक्षणाची पदवी घेतली आणि चिमणीचा धाकटा भाऊ आता त्यांच्याकडे अक्षरं शिकतो. कामाची आहे ती पदवीही. मी म्हणतच होतो.

खडूबाई आता खुर्चीत बसतात खऱ्या, पण फार वेळ नाही. बाह्या अजून पांढऱ्याच. माझा पाय अजून आखूड आहे, सुतार म्हणतो पुढच्या सुट्टीत बघू.

तुम्ही शिकायला निघाला असाल आणि कुठली पदवी घ्यावी म्हणून डोकं खाजवत असाल, तर मला विचारू नका, माझा अंदाज चुकतो. हवी ती घ्या. फक्त घेतल्यावर एकदा वर्गाच्या टोकाला येऊन बसा आणि तिथपर्यंत काय पोचतं ते ऐका. उजवीकडे बसा.

चला, निघा आता. उद्या सोमवार. मला पुढे जायचंय, आणि खडूबाईंच्या जागी आलेले नवे मास्तर नवाचा पाढा सुरू करणार आहेत.